मेंढीचे जुळे आणि उसाचे फुटवे

गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत विषयपत्रिकेवरचे विषय संपून 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' सुरू झाले, तेव्हा मागच्या रांगेतून एका सभासद बंधूंनी उठून सूचना मांडली. कारखान्याने आजवर बेण्याला मदत केली, खताला केली, पाचट कुट्टीला केली. आता ज्या सभासदांच्या घरी मेंढ्या आहेत त्यांना जुळी कोकरे होण्याचे स्पंज व इंजेक्शने निम्म्या किमतीत द्यावीत, अशी ती सूचना. सभेने टाळ्या वाजवल्या. कुणीतरी 'एकाला दोन!' अशी आरोळीही ठोकली. अध्यक्षसाहेबांनी विषय पुढच्या सभेवर ठेवला आणि उठता उठता आमच्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही लिहा जरा यावर."

आता आम्ही पडलो ऊस विकास अधिकारी. डिप्लोमा शेतीचा. जनावराच्या अंगाला सुई लावायचा आम्हाला अधिकार नाही आणि त्यातले ज्ञानही नाही. तरी लिहायचे धाडस करतो ते दोन कारणांनी. एक तर आमच्या घरी आजोबांच्या काळापासून पाच-सहा मेंढ्या असतातच, आजही आहेत. दुसरे असे की, या विषयावर वाचत गेलो, जनावरांच्या डॉक्टरांना विचारत गेलो, तसे आमच्या ध्यानात आले की मेंढीच्या पोटात जे चालते ते ऊसवाल्याला समजायला मुळीच अवघड नाही. जेठा कोंब, फुटवे आणि तुरा या तीन गोष्टी ज्याला कळल्या त्याला हेही कळते.

आमचे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा घोळ व्हायला नको. ही सूचना जशी मांडली तशी मंजूर होऊ नये असे आम्हाला वाटते. टाळ्या वाजवणाऱ्यांनी रागावण्याआधी पुढचे वाचावे.

मेंढीचे बीज काही माजाच्या दिवशी तयार होत नाही. मादी कोकरू आईच्या पोटात असतानाच त्याच्या बीजकोशात जन्मभराची बीजे भरलेली असतात आणि ती तिथे अर्धवट अवस्थेत झोपलेली असतात. त्यातली थोडी थोडी रोज वाढीच्या वाटेला लागतात. प्रत्येक बीजाभोवती पेशींचे वेष्टण असते, पुढे त्यात पाणी भरते आणि बारीक फोडासारखी पुटिका तयार होते. वाटेला लागलेली पुटिका पूर्ण पिकायला सुमारे सहा महिने लागतात. म्हणजे आषाढात जे बीज सुटणार त्याची वाटचाल पौष-माघात सुरू झालेली असते. त्या वेळी मेंढी काय खात होती, हे मात्र आपण कधी विचारत नाही.

या सहा महिन्यांतला बराच काळ पुटिका कुणाला न विचारता आपल्या आपण वाढते. शेवटचे चार-पाच दिवस मात्र तिला वरून हुकूम लागतो. हा हुकूम मेंदूच्या बुडाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून रक्तात येतो. त्यातली दोन संप्रेरके महत्त्वाची, एफ.एस.एच. आणि एल.एच. (वनस्पतीत असली की आपण त्यांना संजीवके म्हणतो, जनावरात असली की संप्रेरके. द्राक्षबागवाल्या सभासदांना जी.ए.चे द्रावण माहीत आहे. थेंबभर औषधाने केवढा फरक पडतो आणि प्रमाण चुकले तर घडाचे काय होते, हे त्यांना सांगायला नको.)

आधी एफ.एस.एच. वाढते. त्यासरशी दोन-तीन मिलिमीटरच्या बऱ्याच पुटिका एकदम उठतात, जसे लागणीनंतर डोळे फुटावेत. पण त्यातली एक पुढे सरते, आणि तीच जेठा. ही जेठी पुटिका दोन पदार्थ रक्तात सोडते, इस्ट्रोजेन आणि इन्हिबिन. ते मेंदूकडे जाऊन सांगतात की आता एफ.एस.एच. पुरे. एफ.एस.एच. कमी झाले की बाकीच्या लहान पुटिका उपाशी पडून वाळून जातात. जेठीला त्याची फिकीर नसते, कारण तोवर तिच्या भिंतीत एल.एच. घेण्याची सोय झालेली असते. एक नळ बंद झाला तरी तिला दुसरा चालू असतो. आपण उसात जेठा कोंब काढतो तो याचसाठी ना? जेठा वर असेपर्यंत तो बाजूच्या फुटव्यांना दाबून धरतो. फरक इतकाच, की उसात जेठा काढायला कोयता घेऊन माणूस जातो. मेंढीत निसर्गाने जेठ्याचेच राज्य ठेवले आहे, म्हणून आपल्या दख्खनी मेंढीला बहुधा एकच कोकरू होते.

मेंढीचा माज दर सतरा दिवसांच्या आसपास फिरून येतो. या सतरा दिवसांत असे जेठे तीन-चार वेळा तयार होतात आणि शेवटचा सोडून सगळे फुकट जातात. याचे कारण मागच्या वेळी जिथून बीज सुटले त्या जागी पिवळा गोळा बनतो, त्याला पीतपिंड म्हणतात. पीतपिंडातून प्रोजेस्टेरोन निघते आणि ते एल.एच.वर झाकण ठेवून बसते. पोटात गर्भ राहिला तर हे झाकण राहते. नाही राहिला, तर बाराव्या-चौदाव्या दिवसाच्या सुमारास खुद्द गर्भाशयच प्रोस्टाग्लँडिन नावाचा पदार्थ सोडून पीतपिंड विरघळवते. झाकण उडाले, की एल.एच.चे झटके जवळजवळ येऊ लागतात, त्या वेळी हजर असलेली जेठी पुटिका भराभर फुगते, तिचे इस्ट्रोजेन वाढते आणि मेंढी माजावर येऊन मेंढ्याकडे जाते. आणि आता एक नवल घडते. एरवी जे इस्ट्रोजेन मेंदूला 'पुरे' म्हणत होते, तेच पुरेसे वाढल्यावर 'सोडा' म्हणते. एल.एच.ची एकच मोठी लाट येते. त्या लाटेने आईच्या पोटातल्या दिवसापासून झोपलेले बीज जागे होते, अर्धे गुणसूत्र टाकून देऊन फलनाला तयार होते आणि एक दिवसाच्या आसपास पुटिका फुटून बीज सुटते. माज दीड दिवसापर्यंत चालतो. बीज सुटते ते माजाच्या शेवटाकडे.

हा सगळा हुकूम मेंदूतल्या कोणत्या थेंबापासून निघतो, हे शोधायला दोन शास्त्रज्ञांची वर्षे गेली. अमेरिकेत काम करणारे रॉजर गिलमिन यांनी त्यासाठी कत्तलखान्यांतून लाखो मेंढ्यांच्या मेंदूंचे तुकडे जमवले. त्यांचे प्रतिस्पर्धी अँड्र्यू शाली यांनी डुकरांचे. दोघांना १९७७ साली नोबेल मिळाले. मेंढी मठ्ठ असते असे म्हणणाऱ्याला आम्ही हे आवर्जून सांगतो.

आता स्पंज आणि इंजेक्शनाकडे येऊ. स्पंज म्हणजे प्रोजेस्टेरोनसारख्या औषधात भिजवलेला छोटा बोळा. सिडनी विद्यापीठात रॉबिन्सन यांनी १९६०च्या दशकात ही पद्धत बसवली. मेंढीच्या योनीत बारा-चौदा दिवस तो ठेवला की वर सांगितलेले झाकण आपल्या हातात येते. काढला की झाकण उडते, आणि दहा मेंढ्या दीड-दोन दिवसांत एकदम माजावर येतात. ही पद्धत चांगली आहे. सगळी कोकरे एकाच आठवड्यात आली तर लसीकरण, चारा, राखण यांचा मेळ बसतो. स्पंजाने जुळे मात्र होत नाही. स्पंज फक्त वेळ बांधून देतो.

जुळे होते ते स्पंज काढताना दिलेल्या इंजेक्शनाने. हे औषध गाभण घोडीच्या रक्तातून काढतात. ते एफ.एस.एच.सारखेही काम करते आणि एल.एच.सारखेही. शिवाय मेंढीचे स्वतःचे एफ.एस.एच. काही तासांत विरते, तसे हे विरत नाही. दिवसेंदिवस रक्तात राहते. म्हणजे जेठ्याने कितीही 'पुरे' म्हटले तरी नळ बंद होत नाही, आणि वाळून जाणाऱ्या पुटिका जगतात. किती जगतील? इथेच गोम आहे. ते मेंढीच्या वजनावर, अंगावरच्या मांसावर, जातीवर आणि त्या दिवशी बीजकोशावर किती पुटिका उभ्या होत्या त्यावर अवलंबून. एकाच बाटलीतले औषध, एकच मात्रा, आणि शेजारी उभ्या असलेल्या दोन मेंढ्यांत एकीला एक, दुसरीला चार. मात्रा वाढवली की हा फरक आणखी वाढतो. आणि तेच इंजेक्शन वेताला वेत देत गेले तर मेंढीच्या रक्तात त्याच्या विरुद्ध प्रतिकार तयार होऊन पुढे गुण कमी येतो.

हे आम्ही पुस्तकातून सांगत नाही. आमच्या घरी झाले ते सांगतो. पाच-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. गावोगाव मोटारसायकलवर फिरणारा एक माणूस आला. नाव-गाव लिहीत नाही. स्पंज, इंजेक्शन सगळे त्याच्याकडे. 'साहेब, तुम्ही शिकलेले, तुम्हाला काय सांगायचं,' म्हणाला, आणि आम्ही शिकलेले असल्यामुळेच फसलो. आईचा विरोध होता. तिला न जुमानता चार मेंढ्यांना स्पंज घातले, आणि काढताना इंजेक्शने दिली. मात्रा किती, हे आम्ही विचारले नाही. उसाला युरिया एक पोते जास्त पडले तर मजुरावर ओरडणारे आम्ही!

चारपैकी एक मेंढी मोकळी राहिली. एकीला एक कोकरू झाले, एकीला जुळे. चौथीचे पोट असे काही सुटले की बघायला माणसे येत. शेवटच्या महिन्यात तिने खाणे सोडले. दात कडाकडा खाऊन एका जागी बसू लागली. सरकारी डॉक्टर आले, म्हणाले, पोटातली कोकरे आईचे अंग खाताहेत. हा गाभण मेंढीचा रोगच आहे, जुळ्या-तिळ्यांत हटकून येतो. कारण कोकराची निम्म्याहून अधिक वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते, आणि त्या वेळी पोटात गर्भच इतके भरलेले असतात की चाऱ्याला जागा उरत नाही. मग मेंढी अंगातली चरबी जाळते आणि त्याचे विष तिलाच भिनते. सलाईन लावले. ती दिवस भरायच्या आधीच व्याली. चार कोकरे. दोन मेलेली, दोन जिवंत, मुठीत मावतील एवढी. बाटलीने पाजली, तिसऱ्या दिवशी तीही गेली. आठवड्याने मेंढी गेली. जुळ्यातलेही एक दुबळे होते, ते थंडीत गेले.

तो माणूस पुढच्या खेपेला आला तेव्हा मोठ्या खुशीत सांगत होता, "साहेबांच्या चार मेंढ्यांना सात कोकरं!" हिशेब खोटा नव्हता. जन्मली सातच. तीन महिन्यांनी दावणीला होती दोन, आणि एक मेंढी कमी झाली होती. औषध न देता चार मेंढ्यांना चार कोकरे झाली असती आणि बहुधा चारही जगली असती. आईने आम्हाला एवढेच विचारले, "अरं, पोटात चार घातलीस, पण सड दोनच हायत तिला, त्येचं काय?" याचे उत्तर आमच्या डिप्लोमात नव्हते.

सभासद बंधूंनो, आम्ही तुम्हाला गटागटाच्या मेळाव्यात काय सांगतो ते आठवा. एकरी लाख फुटवे दिसले म्हणून खूश होऊ नका. काट्यावर फुटवे येत नाहीत, ऊस येतो. एकरी चाळीस-पंचेचाळीस हजार पक्के, वजनदार ऊस टिकले तर टनेज मिळते. बाकीचे फुटवे खत खातात, पाणी पितात आणि बांधणीपर्यंत मरून जातात. मग मेंढीच्या बाबतीत आपण फुटवे का मोजतो? सुटलेले बीज म्हणजे फुटवा. दूध तोडून बाजाराला उभे राहिलेले कोकरू म्हणजे ऊस.

मग जुळे नकोच का? तसे नाही. हवे. पण दोन, आणि दरवेळी दोनच्या आसपास. आणि ते करून दाखवणारे काम आपल्याच मुलखात, फलटणला झाले आहे.

बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने, जिला सगळे 'नारी' म्हणतात, नव्वदच्या दशकात बंगालच्या सुंदरबन भागातून गारोळ जातीच्या मेंढ्या आणल्या. बारा-पंधरा किलोची, दिसायला काहीच नसलेली ही मेंढी, पण जुळी-तिळी सहज देते. तिच्यात एक गुण आहे, त्याला शास्त्रात फेक-बी म्हणतात. या गुणाची हकिगत मोठी मौजेची आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये कूमाजवळ बुरूला नावाच्या मळ्यावर सीअर्स बंधूंनी जुळी-तिळी देणाऱ्या मेरिनो मेंढ्या निवडून राखल्या होत्या. १९५८ साली त्यांनी पाच भावंडांत जन्मलेला एक मेंढा तिथल्या सरकारी संशोधन संस्थेला दिला. मेरिनोत हा गुण आला कुठून, याचा शोध घेता घेता धागा लागला तो बंगालचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याहून जहाजांनी सिडनीला मेंढ्या गेल्या होत्या. पुढे २००१ साली तीन वेगवेगळ्या देशांतल्या गटांनी हा गुण नेमका कुठे आहे ते शोधून काढले, आणि नंतर गारोळमध्ये तोच बदल, त्याच जागी सापडला. म्हणजे माल आपलाच.

हा गुण करतो काय? पुटिकेच्या भिंतीतल्या पेशींवर निरोप घेणारा एक भाग असतो, त्यात एका अक्षराचा बदल. त्यामुळे पुटिका लहान असतानाच पिकते. साध्या मेंढीत पाच ते सात मिलिमीटरची झाल्यावर बीज सुटायला तयार होते, या मेंढीत तीन-चार मिलिमीटरलाच. आता लहान जेठा वचक तरी किती बसवणार? अशा दोन-तीन बारीक पुटिका मिळून एका मोठीएवढे इस्ट्रोजेन आणि इन्हिबिन होते, मग मेंदू म्हणतो 'पुरे'. नळ बंद होतो, पण तोवर दोन-तीन पिकून गेलेल्या असतात. इंजेक्शनात आणि यात जो फरक आहे तो इथे. इंजेक्शन नळच तोडून टाकते. या मेंढीत नळ शाबूत असतो, फक्त मोजमाप बदललेले असते. म्हणून आकडा हाताबाहेर जात नाही.

नारीने हा गुण दख्खनी मेंढीत घातला, अंगलोट दख्खनीचीच राखली आणि 'नारी सुवर्णा' तयार केली. डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे हे वर्षानुवर्षांचे काम आहे. हा गुण एका बाजूने मिळालेल्या मेंढ्यांना वेताला सरासरी दीडच्या आसपास कोकरे होतात. दीड ऐकून सभेतल्या मंडळींचा हिरमोड होईल. पण दहा मेंढ्यांना पंधरा कोकरे, त्यातली बरीचशी जुळी, आणि सड दोन. आमच्या आईलाही हा हिशेब पटला.

जास्त म्हणजे चांगले, हे मेंढीच्या बीजकोशाला मुळीच मान्य नाही, याचा आणखी एक दाखला न्यूझीलंडचा आहे. तिथे इन्व्हरडेल नावाची मेंढी आहे. तिच्यातला गुण एका बाजूने आला तर जुळी वाढतात. दोन्ही बाजूंनी आला तर मेंढी साफ वांझ. २००० साली त्याचे कारण सापडले, आणि कळले की बीज स्वतःच आपल्या भोवतीच्या पेशींना वाढीचा निरोप पाठवत असते. तो निरोप थोडा कमी झाला तर फायदा, अजिबात बंद झाला तर सगळेच संपले.

आता खाण्याविषयी, कारण आमच्या मते खरा प्रश्न तिथेच आहे.

थंड देशांतल्या पुस्तकांत मेंढीचा हंगाम दिवसमानावर ठरतो असे लिहिलेले असते, आणि तिथे ते खरे आहे. उसाला जसा दिवस लहान होऊ लागला की तुऱ्याची सूचना मिळते, तशी तिथल्या मेंढीला रात्र मोठी झाली की मेंदूतल्या एका ग्रंथीतून मेलाटोनिन जास्त वेळ मिळते आणि ती माजावर येऊ लागते. पण आपल्याकडे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात फरक असतो जेमतेम दोन-सव्वादोन तासांचा. उसाला तेवढा पुरतो, दख्खनी मेंढीला त्याचे फारसे काही नाही. ती पाहते गवताकडे. पहिल्या पावसाने रान हिरवे झाले की कळपच्या कळप माजावर येतात, हे धनगर मंडळी पिढ्यान् पिढ्या जाणतात.

यामागेही संप्रेरकेच आहेत. मेंढीच्या पोटात चांगला चारा गेला की रक्तातली साखर आणि इन्सुलिन वाढते, आणि त्याचा परिणाम थेट पुटिकांवर होतो. ऑस्ट्रेलियात ल्युपिन नावाचे कडधान्य माजाच्या आधी थोडेच दिवस चारून बीजांची संख्या वाढलेली पाहिली आहे, मेंढीचे वजन वाढायच्याही आत. आपल्या साध्या दख्खनी मेंढीत यामुळे एकदम जुळी होतील असे आम्ही म्हणत नाही. पण मेंढा सोडण्याआधी दोन-तीन आठवडे रोज पावशेर भरडा आणि थोडी पेंड दिली तर मोकळ्या राहणाऱ्या मेंढ्या कमी होतात.

आपल्या ऊसपट्ट्यात मेंढी खाते काय? गळीत हंगामात वाढे. फुकट मिळते, ढिगाने मिळते, म्हणून तीच दावणीला पडते. वाढ्याने पोट भरते, पण त्यात प्रथिने कमी आणि ऑक्झॅलेट जास्त. ते अंगातला चुना बांधून ठेवते. नुसत्या वाढ्यावरच्या मेंढीला चार बीजे सोडायला लावणे म्हणजे खत न घालता फुटवे मागणे. वाढ्याबरोबर द्विदल चारा हवा, चुन्याची निवळी किंवा खनिज मिश्रण हवे. लसूणघास देत असाल तर उत्तम. मात्र पानांवर बुरशीचे ठिपके पडलेला लसूणघास माजाच्या दिवसांत मेंढीला घालू नये. रोगट पानांत इस्ट्रोजेनसारखा पदार्थ वाढतो आणि वर सांगितलेला सगळा निरोपाचा खेळ बिघडतो. ऑस्ट्रेलियात १९४०च्या दशकात एका जातीच्या क्लोव्हर गवतातल्या अशाच पदार्थाने कळपच्या कळप वांझ झाले होते.

आणखी एक फुकटची गोष्ट. मेंढा बारा महिने कळपात ठेवू नये. महिनाभर इतका लांब ठेवावा की मेंढ्यांना तो दिसू नये, वासही येऊ नये. मग एकदम सोडावा. त्याच्या नुसत्या वासाने थंड पडलेल्या मेंढ्यांचे एल.एच.चे झटके सुरू होतात. पहिले बीज सुटते तेव्हा माज दिसत नाही, म्हणून काही झाले नाही असे वाटते. खरा माज अडीच-साडेतीन आठवड्यांनी येतो. तेवढा धीर धरावा.

तेव्हा पुढच्या सभेपुढे आमची सूचना अशी. इंजेक्शनावर कारखान्याचा एक रुपयाही खर्चू नये. ज्यांना स्पंज वापरायचा आहे त्यांनी तो पशुवैद्यकाच्या हातून वापरावा, त्याला आमचा विरोध नाही. जनावरांचे डॉक्टर मात्रा ठरवून इंजेक्शन देतील तर तो त्यांचा अधिकार. कारखान्याने द्यायचेच असेल तर गटागटाला फेक-बी गुणाचा एकेक मेंढा द्यावा. मेंढा असा बघावा की त्याच्यात हा गुण दोन्ही बाजूंनी असेल, म्हणजे त्याच्या सगळ्या मुलींत एका बाजूने उतरेल. आणि तो रक्त तपासून, दाखला घेऊनच घ्यावा. मेंढ्याला काही बीजे सुटत नाहीत, तेव्हा हा गुण त्याच्या शिंगावर किंवा लोकरीवर दिसत नाही. बाजारात कुणीही कुठलाही मेंढा 'सुवर्णा' म्हणून गळ्यात मारील. दर दोन वर्षांनी गटांनी मेंढे आपसांत बदलावेत, नाहीतर बाप-लेकींचा संबंध येईल. राहिलेल्या पैशात गाभण मेंढीला शेवटच्या दीड महिन्यासाठी पेंड निम्म्या दरात द्यावी. टाळ्या कमी पडतील, पण आमचे मत हे असे आहे.

याला पाच वर्षे लागतील हे आम्हाला ठाऊक आहे. मेंढा आज आला तरी त्याच्या मुली विऊन जुळे दिसायला दोन वर्षे जातात, आणि इंजेक्शनवाला पाच महिन्यांत दाखवतो. सूचना मांडणारे बंधू आमच्या चांगल्या परिचयाचे आहेत, आणि त्यांच्या घरी दुष्काळात दोन वेळा उसाने नाही तर मेंढ्यांनी घर चालवले, हेही आम्हाला माहीत आहे. त्यांची घाई आम्हाला कळते. म्हणूनच त्यांच्या दावणीची मेंढी आमच्या मेंढीसारखी जाऊ नये असे वाटते.

दरम्यान प्रत्येक गट कचेरीत एक वही ठेवली आहे. ज्यांच्या घरी मेंढ्या आहेत त्यांनी, आणि विशेषतः भगिनींनी, कारण मेंढ्या बघतात त्या, चार रकाने भरावेत. मेंढ्या किती, व्याल्या किती, कोकरे जन्मली किती, आणि तीन महिन्यांनी हयात किती. इंजेक्शन दिले असेल तर तसे लिहावे. चौथा रकाना भरल्याशिवाय चिटबॉयने सही घेऊ नये, असे आम्ही सांगितले आहे. पहिली नोंद आमच्या घरची आहे. चार, तीन, सात, दोन.